जुनी व्हॅन, सकाळी पेट्रोलचा वास: नुसत्या क्लिपा आवळून भागेल का?

सीटखालचं_इंजिन:
व्हॅन वीस वर्षं जुनी, कार्ब्युरेटरवाली, इंजिन पुढच्या सीटखाली. सकाळी पहिल्यांदा चालू केली की पेट्रोलचा वास येतो आणि पाच-सात मिनिटांत जातो. जमिनीवर डाग नाही. मेकॅनिकने पेट्रोलच्या पाइपांवरच्या क्लिपा आवळल्या आणि म्हणाला, "जुन्या गाडीला थोडा वास असणारच." पाइपांवर कापडी वेष्टन आहे, वरून धडधाकट दिसतात. सोडून द्यावं का?

बारा_नंबर_पाना:
अजिबात नाही. येऊन जाणारा वास जास्त फसवा. गार असताना रबर आकसलेलं आणि ताठ असतं, त्यामुळे क्लिपेखालून पाझरतं. तापलं की फुगून पुन्हा घट्ट बसतं. शिवाय थेंब इंजिनावरच पडून तिथेच उडून जातात, मग जमिनीवर डाग कुठून येणार?

कापडी वेष्टनाबद्दल तर मी तावातावाने बोलू शकतो. माझ्या व्हॅनच्या पंप ते कार्ब्युरेटर पाइपला दोन वर्षं मी 'चांगला आहे' म्हणत होतो. एकदा कार्ब्युरेटरकडचं टोक ओलं लागलं म्हणून तिथली क्लिप बदलली. आठवड्याने पुन्हा ओलं. शेवटी पाइप काढून ब्लेडने उभा चिरला. चीर होती पंपाकडच्या टोकाला! कापड वातीसारखं पेट्रोल ओढून दुसऱ्या टोकाला नेत होतं. खाली डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा, ठिणग्या उडवणारा भाग. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

सगळे रबरी पाइप एकदम बदला. रिटर्नचा (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा) आणि टाकीजवळचे पाइप लोक हमखास विसरतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर कडक होऊन तडकतं, म्हणून पाइपावरचा छापा वाचा: 'एसएई जे३० आर९' (इंधनाच्या पाइपाच्या दर्जाची खूण) असेल तर उत्तम. आर७ कार्ब्युरेटरच्या दाबाला पुरतो, पण आर९ चं आतलं अस्तर इथेनॉलला जास्त टिकतं. माप बरोबर घ्या. ६ मिमीच्या नळीवर ८ मिमीचा पाइप चढवून क्लिप पिळणं म्हणजे गळतीला आमंत्रण. खाचांच्या पट्टीची क्लिप रबर कापते. आतून गुळगुळीत, नट-बोल्टची घ्या.

आणि कार्ब्युरेटरची पितळी नळी बोटांनी हलवून बघा. काही कार्ब्युरेटरमध्ये ती नुसती ठोकून बसवलेली असते, वर्षानुवर्षांच्या थरथरीने सैल होते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

धूर_दिसला_की_उतरा:
प्लास्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरवर लोंबकळत असेल तर तोही तिथून दूर बसवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साठून राहते.
ड्राय पावडरचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, मागे सामानाखाली नको. आग लागलीच तर चावी बंद, आधी सगळी माणसं बाहेर. इंजिनावरचं झाकण सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो; फटीतून पावडर मारा. जमत नसेल तर लांब पळा, गाडी गेली तर जाऊ दे.

मागचं_इंजिनवाला:
जुन्या फोक्सवॅगन टाइप २ वाल्यांसाठी भर: बऱ्याच एअरकूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनांचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला की पाणी मारून आग वाढते.

सीटखालचं_इंजिन:
आज सीट उचलली. पाइप वाकवल्यावर कापडाखाली करकर आवाज आला, म्हणून सगळेच काढायला घेतले. पाना, ती पितळी नळी हलवून बघा म्हणालात ना? हलवायची वेळच आली नाही. पाइप ओढला तर नळी त्याच्यासकट हातात आली.

बारा_नंबर_पाना:
बापरे! ती परत ठोकून बसवू नका. कार्ब्युरेटरच्या भोकात आटे पाडून आट्यांची नळी बसवून घ्या, नाहीतर कार्ब्युरेटरच बदला. तोवर गाडी जागची हलवू नका.