उंच काच लावली आणि डोकं जास्तच हलायला लागलं

सावकाश_पण_लांब

मंडळी, जरा डोकं लावा, माझं तर हलून हलून सैल झालंय.

बाइक ६५० सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची), टूरिंगसाठीच घेतलेली. माझी उंची ५ फूट ११. कंपनीची पुढची काच (विंडस्क्रीन) बुटकी होती, वारा थेट छातीवर यायचा. दिवसभर चालवली की खांदे आखडायचे, म्हणून हौसेने १२ सेंटिमीटर उंच काच बसवली. छातीवरचा वारा गेला, पण ८० च्या पुढे हेल्मेटला कुणीतरी दोन्ही बाजूंनी टपल्या मारतंय असं होतं. पुढच्या गाडीची नंबरप्लेट दोन-दोन दिसते. परवा ४०० किलोमीटर करून उतरलो तर मान धरलेली आणि कानात रात्रभर शिट्टी. आणखी एक गंमत म्हणजे मागून कुणी पाठीला हात लावून हळूच पुढे ढकलतंय असं वाटतं. मागच्या सीटवर तर कुणीच नव्हतं!

याहून उंच काच मिळते. घेऊ का?

दहाचा_पाना

थांबा, इतक्यात काही विकत घेऊ नका.

वारा वाईट नसतो, भोवरा वाईट असतो. काचेच्या वरच्या काठावरून हवा जोरात सुटते आणि काचेमागे हवेचा दाब कमी होतो. जोरातली हवा आणि काचेमागची संथ हवा जिथे एकमेकींना घासतात, तिथे भोवरे सुटतात. नदीत मोठ्या दगडाच्या मागे पाणी कसं गरगरतं ते आठवा, तुमचं डोकं नेमकं त्या गरगरीत आहे. पाठीला ढकलणारा हातही तोच, काचेमागची पोकळी भरायला हवा तुमच्या मागून पुढे धावते. आणि वेगाचं म्हणाल तर ८० वरून १०० ला गेलात की वेग सव्वापट होतो, पण वाऱ्याचा मार दीडपटीहून जास्त.

आता एक काम करा. रिकामा सरळ रस्ता बघा, ८० चा वेग धरा, पाय फूटरेस्टवर ठेवून क्षणभर सीटवरून उठा. नंतर बसून, हळूहळू मान खाली घाला. दोन्ही वेळा काय होतं ते इथे लिहा. जोराचा आडवा वारा असेल त्या दिवशी हे करू नका.

सावकाश_पण_लांब

केलं. उठल्यावर आवाज प्रचंड, पण डोकं स्थिर, नंबरप्लेट एकच. चार बोटं खाली वाकलो तर एकदम शांत, इंजिनच्या टॅपेटची टकटक ऐकू आली! म्हणजे काठावरची हवा हेल्मेटच्या बरोबर मधोमध आपटते, असंच ना?

जुना_फिरस्ता

असंच. वर गेलात तरी सुख, खाली गेलात तरी सुख, मधे मात्र हाल. म्हणूनच बुटक्या काचेवर तुमचं डोकं शांत होतं, ते स्वच्छ वाऱ्यात होतं.

उंच काचेच्या मोहात पडू नका, मी पडून झालोय. माझी इतकी उंच होती की काचेतूनच बघावं लागायचं. कोरड्या दुपारी ठीक, पण रात्री पावसात समोरून दिवे आले की काचेवरच्या प्रत्येक थेंबात एकेक दिवा पेटतो आणि रस्ता गायब. हेल्मेटची काच निदान बोटाने पुसता येते. बसल्या जागेवरून काठ नाकाच्या रेषेत दिसावा आणि नजर त्याच्यावरून जावी, हा माझा हिशोब. उंच काच आडव्या वाऱ्यात शिडासारखी वागते ते वेगळंच, आणि ती हँडलसोबत फिरणारी असेल तर प्रत्येक धक्का हातात येतो.

नवीन काच घेण्याआधी काचेखाली फट करून बघा. काच आणि तिची ब्रॅकेट यांच्यामध्ये १०-१५ मिलिमीटरचे स्पेसर (अंतर ठेवणाऱ्या छोट्या नळ्या), तेवढे लांब बोल्ट, जुने रबरी वॉशर तसेच. खालून थोडी हवा आत आली की मागची पोकळी भरते आणि भोवऱ्याचा जोर मोडतो. हार्लेने २०१४ च्या टूरिंग गाड्यांपासून बॅटविंग फेअरिंगमध्ये (हँडलवरचं वटवाघळाच्या पंखांसारखं पुढचं आवरण) हवा आत घेणारी फट दिली ती याचसाठी. बोल्ट मात्र आवळून पिळू नका, भोकापासून तडा जातो.

मागची_सीट

तुम्ही सगळे पुढे बसणारे! मागे कुणी बसतं की नाही? आमच्याकडे ह्यांनी काच बदलली, स्वतः खूश, आणि तो भोवरा सरळ माझ्या तोंडावर. मागची सीट उंच असते, त्यामुळे पुढच्याला चुकलेला वारा मागच्याला बसतो. शेवटचं ठरवण्याआधी मागे माणूस बसवून एकदा चालवाच.

आणि हेल्मेटला पुढे टोपीसारखी झडप आहे का? असेल तर ती काढून बघा. आमचं निम्मं भांडण तिथेच मिटलं.

दहाचा_पाना

ताईंचं बरोबर आहे. झडप नसली तरी कानात इअरप्लग हवेतच. ८५ डेसिबलच्या वर तासन्तास आवाज कानाला बाधतो, आणि महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत तो ९० सहज ओलांडतो. शिट्टी गंमत म्हणून सोडून देऊ नका.

सावकाश_पण_लांब

अहवाल देतो. बोटभर लोकरीचे धागे टेपने चिकटवले, दोन टाकीवर आणि एक जॅकेटच्या चेनवर. चेनवरचा धागा चक्क काचेकडे तोंड करून ताठ उभा! छातीवरची हवा उलटी पुढे वाहत होती. डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास नव्हता.

आधी १० मिलिमीटरचे स्पेसर टाकले. धागा ढिला पडला, पाठीवरचा हात गेला, डोकं मात्र थोडं हलतच होतं. मग हेल्मेटची झडप काढली (हो ताई, होती!). बराच फरक. हँडलखालून, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधून हनुवटीवर येणारा झोत राहिला होता, तो टँकबॅग (टाकीवर बसणारी बॅग) लावल्यावर थांबला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतंय ना, हे आधी तपासलं.

तरी १०० ला कुरकुर होतीच, म्हणून काच सर्वात खालच्या भोकांवर आणली. ४ सेंटिमीटर उतरली. आता खांद्यांवर थोडा वारा लागतो, हेल्मेटभोवती एकसारखा घों आवाज येतो, इअरप्लग घातले की तोही लांबचा वाटतो. नंबरप्लेट एकच दिसते, वाचतासुद्धा येते.

बायको रविवारी मागे बसणार आहे. तिची उंची ५ फूट २, बघू काय निकाल लागतो ते.

मागची_सीट

निकाल तिलाच लिहू द्या.