मदत हवी आहे : बाबांचा हाताचा स्प्लिंट उन्हात उलगडला, आकार टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

बाबांना जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची बोटं आत वळतात, मूठ सुटत नाही. म्हणून थेरपिस्ट ताईंनी पांढऱ्या प्लॅस्टिक शीटचा स्प्लिंट, म्हणजे हात धरून ठेवणारा आधार, करून दिला. शीट गरम पाण्यात बुडवली, मिनिटभरात ती कणकेच्या लाटीसारखी लवचीक झाली, हातावर ठेवून दाबली आणि गार झाल्यावर तोच आकार धरून बसली. चार महिने छान चाललं. रात्री लावला की सकाळी बोटं मोकळी असायची.

गेल्या मंगळवारी तो घेऊन सीताबर्डीला गेलो. स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. दुपारचे दोन, गाडी उन्हात, खालून इंजिनाची धग. दीड तासाने बघतो तर मनगटाची पन्हळ पसरलेली, अंगठ्याचा बाक गेलेला. वितळून गोळा झाला असता तर समजलं असतं, पण हा पुन्हा सपाट शीट व्हायला निघाला होता!

मी हिंगणा एमआयडीसीत केबल जॉइंटिंगचं काम करतो, त्यामुळे लगेच आमची श्रिंक स्लीव्ह आठवली, म्हणजे केबलच्या जोडावर चढवायची, तापवली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी. तिच्यात पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या आधी एकमेकींना जोडून टाकतात, म्हणजे क्रॉसलिंक करतात. मग नळी गरम असताना फुगवतात आणि तशीच गार करतात. आपण ज्योत दाखवली की ती मूळच्या बारीक मापावर येते. मूळ आकार त्या जोडण्यांत राहतो, तात्पुरता आकार गार झालेल्या स्फटिकांनी धरलेला असतो. स्फटिक वितळले की पकड सुटली. स्प्लिंटच्या शीट बऱ्याचदा पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे नागपुरात मे २०१३ मध्ये सावलीतलं तापमान ४७.९ होतं. बंद डिक्कीत काय होत असेल ते सांगायला नको.

आता अडचण अशी. हाच स्प्लिंट परत घडवता येईल का, आणि असं किती वेळा चालतं? जास्त तापमानाला आकार सोडणारं दुसरं काही मिळतं का? शेप मेमरी पॉलियुरेथेनबद्दल, म्हणजे तापवल्यावर मूळ आकारात येणाऱ्या आणखी एका प्लॅस्टिकबद्दल वाचलं, त्याचं तापमान हवं तसं ठरवता येतं म्हणतात. शिवाय घरात दिवसरात्र कूलर चालून राहिला आहे, त्या दमट हवेचा काही परिणाम होतो का? माझ्याकडे हॉट गन आहे, हात शिवशिवतात, पण बाबांच्या त्या हाताला चटका बसला तरी कळत नाही. म्हणून थांबलोय.

प्रतिसाद १
दादा, स्लीव्हची तुलना अगदी बरोबर आहे. दोन्हीकडे स्मृती एकाच दिशेची: गरम केल्यावर मूळ आकार येतो, तात्पुरता आकार दर वेळी आपणच द्यायचा. त्यामुळे स्प्लिंट परत घडवता येतो. मात्र पहिल्या काही फेऱ्यांत थोडा ताण कायमचा आत राहतो आणि ओढून ओढून शीट पातळ होते. अंगठ्याच्या खाचेत पांढरी रेघ किंवा तडा दिसला तर ती शीट सोडा.

पॉलियुरेथेनचं खरं दुखणं ओलावा. पाणी साखळ्यांमधल्या हायड्रोजन बंधांत शिरतं आणि आकार सुटण्याचं तापमान खाली येतं. घाम आणि कूलर असताना मी ते निवडणार नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन पाणी फारसं शोषत नाही, तुमच्या घरातल्या दमटपणाने त्याला लगेच काही होणार नाही. तिसरा मार्ग पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा. ते डिक्कीत टिकेल, पण थेट अंगावर घडवता येत नाही. आधी हाताचा प्लॅस्टरचा साचा घ्यावा लागतो, मग शीट भट्टीत तापवून त्यावर ओढतात.

आणखी एक, हा प्लॅस्टिक स्वतःहून बोटं उघडेल अशी आशा ठेवू नका. असे पॉलिमर दुप्पट-तिप्पट ताणले तरी परत येतात, निटिनॉलची (आकार लक्षात ठेवणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची) तार जेमतेम ८ टक्के. पण परत येतानाचा जोर तारेत कितीतरी पट जास्त. स्प्लिंटचं काम हात धरून ठेवण्याचं आहे.

प्रतिसाद २
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. भाऊ, हॉट गन अजिबात नको. संवेदना नसलेल्या हातावर गरम शीट ठेवताना आम्हीही आधी ती पुसून स्वतःच्या हातावर तपासतो. आणि चार महिन्यांत काकांच्या हाताचा ताठरपणा बदलला असेल, जुना कोन तसाच परत द्यायचा की नाही हे बघूनच ठरवावं लागतं. लावल्यावर कुठे लाली अर्ध्या तासाच्या वर राहिली तर लगेच दाखवा.

धागाकर्ता
ताई, दादा, मनापासून आभार. शीट खिडकीशी धरून पाहिली, खाचेत बारीक रेघ आहे. म्हणजे नवीनच करून घ्यावी लागेल. उद्या सकाळी आठलाच बाबांना घेऊन निघतो, आणि येताना नवा स्प्लिंट थर्माकोलच्या डब्यात आणतो. पॉलिप्रॉपिलीनचंही थेरपिस्ट ताईंना विचारतो. त्या काय म्हणतात ते इथेच लिहीन.