इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्टला मराठीत काय म्हणायचं? आणि 'असेसमेंट' नक्की कोणाची?

तलावपाळी

वाशीतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या पुस्तिकेचं भाषांतर हातात आहे. अभ्यासक्रम इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्ट, म्हणजे आलेल्या बातम्या जुळवून त्यांचा अर्थ सांगणारी माणसं, तयार करण्याचा. विद्यार्थी बहुतेक ऐरोली, महापे, घणसोलीकडचे, कंपन्यांच्या सुरक्षा विभागात किंवा सायबरमध्ये नोकरी करणारे किंवा शोधणारे. बरेच जण मराठी माध्यमातले, म्हणून पुस्तिका मराठीत हवी आहे. माझ्याआधी कुठल्यातरी मशीनने केलेला मसुदा मला मिळाला. त्यात पानोपानी 'बुद्धिमत्ता विश्लेषक'. तोच शब्द संस्थेच्या दारावरच्या फलकावरही चढला. मी तिथे बसले असताना कोपरखैरण्याहून एक गृहस्थ तिसरीतल्या मुलाला घेऊन आले. "याची बुद्धिमत्ता मोजून मिळेल का? पुढे स्कॉलरशिपला बसवायचाय." काउंटरवरच्या मुलीने त्यांना पाणी दिलं, मुलाला चॉकलेट दिलं आणि फलकाकडे बघत राहिली.

'गुप्तवार्ता' हा राज्य सरकारचा शब्द: राज्य गुप्तवार्ता विभाग, सहायक गुप्तवार्ता अधिकारी वगैरे. केंद्राच्या हिंदी कागदांवर 'आसूचना' असतं, पण तो शब्द मी ठाण्यात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि ऐकला असता तर 'सूचना' समजून सोडून दिला असता. 'हेरगिरी' म्हटलं की दुसऱ्याच्या घरात डोकावणं आलं. इथे माणूस खुर्चीत बसून कागद वाचतो.

त्याहून मोठा घोळ 'असेसमेंट'चा. अ‍ॅनालिस्ट परिस्थितीचं असेसमेंट करतो आणि असेसर अ‍ॅनालिस्टचं असेसमेंट करतो. एकाच वाक्यात दोन्ही आली की मी उठून चहा टाकते. काय करू?

निवृत्तफौजदार

ताई, खात्यात हा शब्द कोणी भाषांतर करून बोलत नाही. पोलीस ठाण्यात हे काम बघणारा तो 'गोपनीय'वाला. "गोपनीयला विचार" म्हटलं की काम झालं. मिळते ती बातमी, देणारा बातमीदार. आजही प्रेसनोटमध्ये "गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली" असंच लिहितात, आणि ती प्रेसनोट ज्याच्या हातात ठेवायची तोही बातमीदारच!

आपल्याकडे बातमी आणणाऱ्यांना शब्द भरपूर आहेत. हेर, जासूद, नजरबाज, खबऱ्या. जासूद तर निरोपही पोचवायचा आणि बातमीही काढायचा. अष्टप्रधानांतला मंत्री म्हणजे वाकनीस, घडलेलं लिहून ठेवणारा. आडनाव अजून आहे. पण आलेल्या चार बातम्या समोर मांडून "याचा अर्थ काय" हे सांगणाऱ्याला वेगळं नाव दिसत नाही. ते काम साहेबाचं असायचं, त्याआधी महाराजांचं. म्हणून तुमची अडचण आहे.

आणखी एक. पुस्तिकेत बातमी किती भरवशाची त्याच्या प्रतवारीचा धडा असेलच. अक्षर माणसाला, आकडा बातमीला. नाटोच्या पद्धतीत ए ते एफ आणि १ ते ६. नवशिका हमखास चुकतो तो शेवटच्या खुणेवर. एफ म्हणजे लबाड माणूस नव्हे. माणूस कसा आहे हे अजून ठरवता येत नाही, एवढाच अर्थ. पहिल्यांदा दारात आलेला प्रत्येक जण एफ. तसंच ६ म्हणजे खोटी बातमी नव्हे, खरी की खोटी ते सांगता येत नाही. दोन खुणा वेगळ्या का ठेवायच्या ते सांगतो. कळव्याच्या बाजूचा माझा एक माणूस होता. दहा वर्षांत कधी फसवलं नाही. एकदा त्याने सांगितलेला ट्रक आलाच नाही. खोटं बोलला नव्हता, त्याला सांगणाऱ्यानेच ऐकीव सांगितलं होतं. माणूस पक्का, बातमी कच्ची. हे दोन शब्द पुस्तिकेत घाला. आणि 'सत्यापन' असलं काही लिहू नका, 'खातरजमा' आहे की.

रातपाळी_ऐरोली

फौजदारकाकांशी बाय डिफॉल्ट सहमत, फक्त 'गुप्त' सोडून. मी हेच काम करतो आणि वाचतो त्यातलं बरंचसं उघड्यावर पडलेलं असतं. गुप्त असतं ते आमचं उत्तर, तेही दर वेळी नाही. अहवालावर रंग टाकतो: लाल म्हणजे ज्याला दिला त्याच्यापुरता, हिरवा म्हणजे आपल्या वर्तुळात फिरवा. सगळ्यांसाठी खुल्याला पूर्वी पांढरा म्हणायचे, २०२२ पासून 'क्लिअर'.

फरक सांगायचा तर कालचंच घ्या. पहाटे पावणेतीन, एकाच पत्त्यावरून चार हजार फसलेले लॉगिन. ही माहिती. "कोणीतरी चोरलेल्या पासवर्डांची यादी चालवून बघतंय, खास आपल्यावर नेम नाही, तरी पगाराच्या सिस्टीमचे पासवर्ड आजच बदला" हे इंटेल. मधला पूल म्हणजे अ‍ॅनालिस्ट. फ्लोअरवर आम्ही 'इंटेल'च म्हणतो आणि कोणाचं अडत नाही.

जोडारी

मी आयटीआयत शिकवतो. पहिलं सोपं उरकून घेतो. पुस्तिकेत 'व्होकेशनल'ला 'व्यावसायिक' केलं असेल तर खोडा. आमच्याकडे ट्रेडला 'व्यवसाय' म्हणतात: जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री. संचालनालयाचं नावही 'व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण'. 'व्यावसायिक' वाचून कोणाला डॉक्टर-वकील आठवतात, कोणाला धंदेवाईक नट.

आता अवघड. पोराने कानशीने घासलेला तुकडा मी व्हर्नियरने मोजतो. मापात बसला की बसला. माझं त्याच्याशी पटतं का, तो बोलतो कसा, काही संबंध नाही. तुमच्या अ‍ॅनालिस्टचा तुकडा कुठे आहे? तो म्हणाला "होईल" आणि झालं नाही, तर नापास करणार?

तलावपाळी

जोडारी, पुस्तिकेतला सगळ्यात चांगला भाग नेमका तोच आहे. उत्तर: नाही करत. सत्तर टक्के शक्यता सांगितली आणि ती गोष्ट घडली नाही, तर तो चुकला असं एका घटनेवरून म्हणता येत नाही. उरलेल्या तीस टक्क्यांतलं घडलं. म्हणून असेसर निष्कर्षापेक्षा तिथवरची वाट तपासतो. आधार कुठला, तो किती भक्कम, गृहीत काय धरलं, दुसऱ्या शक्यता मांडल्या का, ऐकलेलं आणि स्वतःचं अनुमान वेगळं ठेवलं का. अमेरिकेत यासाठी २००७ साली अधिकृत मानकं काढली, २०१५ मध्ये सुधारली. विश्लेषणाच्या कसबाची म्हणून नऊ कलमं आहेत त्यात. रिचर्ड्स ह्युअर हा सीआयएचा जुना माणूस. त्याची पद्धत मला फार आवडली: सगळ्या शक्यता आडव्या ओळीत मांडा, आधार उभे मांडा, आणि जिला सर्वांत जास्त दुजोरा आहे ती नव्हे, तर जिच्या विरुद्ध सर्वांत कमी जातं ती उचला. लाडक्या अंदाजाला दुजोरा कुठूनही मिळतो, आपल्या घरच्या लग्नाच्या बोलण्यांत रोज बघतो आपण.

पास-नापास हे शब्द तिथे नाहीत. 'सक्षम' आणि 'अद्याप सक्षम नाही', बस. असेसर दोनतीन तास शेजारी बसून काम बघतो, मग विचारतो, "हे का सोडलंस?" शिवाय उमेदवाराने आपल्या कामाची फाइल द्यायची, त्याला मसुद्यात 'पुरावा संच' म्हटलंय.

निवृत्तफौजदार

'पुरावा' नको. पुरावा कोर्टात लागतो. बातमीवर छापा घालता येतो, शिक्षा होत नाही. हा फरक पोरांच्या डोक्यात पहिल्या दिवशी बसला पाहिजे.

जोडारी

+१. फाइलला 'कामाचे नमुने' म्हणा. विश्लेषणात 'आधार'. पुरावा काकांना परत द्या.

तलावपाळी

दिला. आणि तुम्हा दोघांचं वाचून 'असेसमेंट'ही सुटलं बहुतेक. माणसाचं ते मूल्यमापन, परिस्थितीचं ते आकलन. "अ‍ॅनालिस्टच्या आकलनाचं मूल्यमापन" हे वाक्य आता चहाशिवाय लिहिता येतं.

पण अजून एक काटा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शक्यतेचे शब्द. १९५१ साली अमेरिकेच्या एका अहवालात लिहिलं होतं की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होणं ही 'गंभीर शक्यता' मानावी. अहवाल करणाऱ्यांतला शर्मन केंट याला परराष्ट्र खात्यातल्या एकाने विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाला, पासष्टास पस्तीस. विचारणारा उडालाच, तो बराच कमी धरून चालला होता. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. त्या शब्दांवर सगळ्यांनी सही केली होती आणि मनातले आकडे वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत! पुढे १९६४ मध्ये त्याने यावर लेख लिहिला. ब्रिटनमध्ये आता शब्दाला पट्टाच ठरवून दिलाय. त्यांचं 'लाइकली' म्हणजे ५५ ते ७५ टक्के, त्याखालचा पट्टा ४० ते ५०. मधली जागा मुद्दाम रिकामी, म्हणजे सीमेवर भांडण नको.

तर इथे वाचणाऱ्यांनी विचार न करता सांगा: 'बहुधा' म्हणजे किती टक्के?

रातपाळी_ऐरोली

६०

जोडारी

८५. 'बहु' आहे त्यात.

निवृत्तफौजदार

अहवाल लिहिणारा कोण त्यावर आहे. साधारण ५०.

कोपरीची_काकू

पंच्याहत्तर. घ्या, तुमचा केंट झाला ठाणे पूर्वेत.

रातपाळी_ऐरोली

मराठीत शब्दाला टक्के बांधलेले आहेत की! हवामान खात्याचं बघा. 'तुरळक ठिकाणी' पंचवीसपर्यंत, 'काही ठिकाणी' पन्नासपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' पंच्याहत्तरपर्यंत, पुढे 'बहुतेक ठिकाणी'. तेच उचला.

जोडारी

नाही चालणार. ते टक्के शक्यतेचे नाहीत, किती केंद्रांवर पाऊस पडेल त्याचे आहेत. तुरळक ठिकाणी पाऊस शंभर टक्के पडू शकतो, आणि तो नेमका माझ्या डोंबिवलीच्या गाडीवर पडतो.

रातपाळी_ऐरोली

मान्य. पण शब्द बांधता येतात एवढं तरी सिद्ध झालं.

कोपरीची_काकू

तीस वर्षं मराठी शिकवलं, तर थोडं बोलते. तुम्ही सगळे नामांच्या मागे लागलात. आपल्या भाषेत हे काम क्रियापद करतं. दारात चपला बघून आपण म्हणतो, "तो घरी असावा." चपला न बघता, रोजच्या सवयीवरून म्हणतो, "असेल घरी." स्वतः बघितलं तर "घरी आहे." आणि शेजारणीने सांगितलं तर "घरी आहे म्हणे." चार वाक्यं, चार प्रकारचे आधार, एकही जड शब्द नाही. सहावीतलं पोरसुद्धा यात चुकत नाही. चुकतो तो अहवाल लिहायला बसलेला मोठा माणूस, कारण त्याला वाटतं 'म्हणे' आणि 'असावा' गावंढळ दिसतील. मग तो लिहितो, "शक्यता नाकारता येत नाही." अरे, नाकारता तर कशाचीच येत नाही. उद्या मासुंदा तलावात मगर निघण्याचीसुद्धा नाही.

रातपाळी_ऐरोली

काकू, हे वाक्य माझ्या प्रत्येक अहवालात आहे. गप्प बसतो.

तलावपाळी

काकू, वाचनखूण साठवली. आजच संस्थेला पाठवलं. 'असावा', 'असेल', 'आहे', 'म्हणे' यांचा एक तक्ता प्रतवारीच्या धड्यात जातोय, टक्क्यांच्या पट्ट्याच्या शेजारी; पट्टा किती ते सांगेल, क्रियापद कशावरून ते सांगेल. "शक्यता नाकारता येत नाही" दिसलं की असेसरने गोल करायचा. नाव 'गुप्तवार्ता विश्लेषक' ठेवलंय, रातपाळीची हरकत तळटीपेत. फलकावर मात्र त्यांनी 'इंटेल अ‍ॅनालिस्ट' रंगवून घेतलं, कोपरखैरण्याच्या गृहस्थांचा धसका.

आणि फौजदारकाका, तुमच्या ट्रकचं आत्ता लक्षात आलं. सांगणाऱ्याने तुमच्या माणसाला "ट्रक येणार आहे म्हणे" असंच सांगितलं असावं. तुमच्यापर्यंत येताना 'म्हणे' गळलं.

निवृत्तफौजदार

गळलं. त्या रात्री खारेगाव नाक्यावर आम्ही सहा जण पहाटेपर्यंत पावसात उभे होतो.