'स्पॉन'चे पहिले अंक: चित्रे थोर, कथा मात्र उभीच राहत नाही

टॉड मॅकफार्लेन यांनी १९९२ साली सुरू केलेल्या 'स्पॉन' या कॉमिक मालिकेचे पहिले पंधरा अंक मी सलग वाचले. पानाच्या चौकटी मोडून पसरणारा नायकाचा तो तांबडा झगा आणि जिवंत असल्यासारख्या वळवळणाऱ्या साखळ्या आजही थक्क करतात. कथेचे बीजही साधे नाही. मारला गेलेला अल सिमन्स पत्नीला पुन्हा पाहता यावे म्हणून नरकाच्या अधिपतीशी करार करतो आणि पाच वर्षांनी 'स्पॉन' हा नरकाचा योद्धा बनून परततो, तेव्हा त्या पत्नीने, वांडाने, त्याच्याच जिवलग मित्राशी संसार मांडलेला असतो. त्यात शक्तीचा साठा ९:९:९:९ या आकड्यातून मोजलेला. वापरला की घटणारा आणि संपला की नरकाची वाट दाखवणारा. प्रत्येक प्रहाराची किंमत मोजायला लावणारी इतकी उत्तम युक्ती हाताशी असताना नायक अंकामागून अंक गल्लीत बसून शोक करतो आणि चित्रात स्पष्ट दिसणारे दुःखच निवेदनाच्या चौकटी पुन्हा शब्दांत सांगतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद १

असहमत. कॉमिकमध्ये चित्र हेच निवेदन असते, त्यामुळे 'चित्र चांगले पण कथा कमजोर' ही विभागणी मला मुळातच मान्य नाही. वृत्तनिवेदकांच्या उभ्या, अरुंद चौकटी पाहा: एकच घटना प्रत्येक निवेदक आपापल्या सुरात सांगतो आणि त्या विसंगतीतूनच नायकाभोवतीचे जग उभे राहते. गल्लीतले ते बसून राहणेही घर, नाव आणि चेहरा गमावलेल्या माणसाचेच चित्रण आहे.

धागाकर्ता

वृत्तनिवेदकांचा मुद्दा मान्य; ती पाने खरोखर कथा सांगतात. परंतु चित्र आणि कथा वेगळी काढता येत नाहीत असे म्हणाल, तर १९९३ मधल्या आठ ते अकरा या अंकांचे काय? ते अनुक्रमे अ‍ॅलन मूर, नील गेमन, डेव्ह सिम आणि फ्रँक मिलर यांनी लिहिले, चित्रे मात्र मॅकफार्लेन यांचीच राहिली. गेमन यांच्या एकट्या नवव्या अंकात अँजेला, मध्ययुगीन स्पॉन आणि कॉग्लिऑस्ट्रो अशी तीन पात्रे अवतरतात आणि अल हा अशा योद्ध्यांच्या जुन्या परंपरेतला एक आहे हे कळताच मालिकेला एकदम भूतकाळ मिळतो. हात तोच असूनही पाने अधिक बोलतात, म्हणजे उणीव लेखनातच होती.

प्रतिसाद २

नववा अंक श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. मात्र आपण पाचवा अंक विसरलात, आणि तो मॅकफार्लेन यांनी स्वतः लिहिला आहे. मुलांचा खून करणारा बिली किन्केड सुटून येतो आणि स्पॉन त्याला संपवतो; त्या अंकात ना शोक लांबतो, ना शब्द वाया जातात. पुढे आठव्या अंकात मूर याच किन्केडच्या मागोमाग नरकात उतरतात. पाहुण्या लेखकाला उभे राहायला जागा मिळाली ती मॅकफार्लेन यांच्याच लेखनातून, हेही त्यांच्या पदरात टाकायला हवे.

धागाकर्ता

पाचव्या अंकाबाबत आपले म्हणणे योग्य आहे. 'सलग कमजोर' असा सूर मी लावायला नको होता. तरी त्यानेच माझी तक्रार अधिक तीव्र होते: जो लेखक किन्केडचा शेवट इतक्या मोजक्या पानांत लिहू शकतो, त्याने अल आणि वांडा यांची समोरासमोरची भेट इतकी लांबणीवर का टाकावी?