मदत हवी आहे: हात हलत नसताना रात्री हाक कशी मारायची?

आईला एएलएस (स्नायूंची ताकद हळूहळू जात राहणारा मज्जातंतूंचा आजार) आहे. बेलचं बटण आता तिला दाबता येत नाही. उजवा अंगठा जेमतेम हलतो, मान मात्र डावीकडे बरी वळते. रात्री बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा) मास्क असतो, त्यामुळे आवाजावर किंवा फुंकरीवर चालणारं काही उपयोगाचं नाही. वायरलेस डोअरबेलच्या बटणाला ३.५ मिमी जॅक (हेडफोनला असतो तसा) जोडून गालाजवळ हलक्या स्पर्शाचं स्विच लावलंय. पण कूस बदलून दिली की ते सरकतं आणि ती बिचारी तशीच जागी राहते. हे बघवत नाही हो.

स्पर्शाशिवाय चालणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर कुणी वापरलाय का? झोपेत मान हलली की उगाच वाजतो का? स्विच धरून ठेवायला पलंगाला लावायची लवचिक दांडी रात्रभर जागेवर टिकते का? कृपया अनुभव सांगा.