नवरा-बायको दोघंही सिकलसेल वाहक: पोटातल्या बाळाची तपासणी करावी का?

शहादेकर
ताईला अडीच महिने झालेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरात तिला पिवळं कार्ड मिळालं, दाजींनाही पिवळंच. दोघं वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत, पण दोष मुलात जाऊ शकतो; त्यामुळे प्रत्येक खेपेला बाळ आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. वारेचा तुकडा काढून १० ते १३ आठवड्यांत तपासता येतं. मी म्हणतो, करावं. चुलतभाऊ लाल कार्डाचा, म्हणजे आजारीच आहे, थंडीत गुडघे कवटाळून रात्र रात्र कण्हतो. आई मात्र भडकली, "पोट पाडायला निघालात का?"

तापीकाठ
मी लाल कार्डवालाच. वय ३१, शाळेत शिकवतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झाल्यापासून दवाखान्यात भरती होणं खूप कमी झालंय. २०२३ मध्ये सरकारने मोहीम काढली, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा. आजार संपवणार की आम्हाला?

शहादेकर
भाऊ, तुमच्याबद्दल नाही हो म्हणत. पण ज्यानं जळस त्यालेच कळस, ते काकूला विचारा.

तापीकाठ
मग मला विचारा ना! जळतं माझं, काकूचं नाही. जन्मल्याबरोबर रक्त तपासा, पेनिसिलिन द्या, लसी चुकवू नका. हा रस्ता कोणी सांगतच नाही, सगळे थेट गर्भपातावर.

सिस्टर_अक्कलकुवा
मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स आहे. तपासणी म्हणजे गर्भपात नव्हे, निकाल हातात आल्यावर बाळ ठेवणारेही असतात. अन् हे सोनोग्राफीवाल्या चोरीच्या लिंगतपासणीसारखंही नाही. १९९४ च्या कायद्यात अशा रक्ताच्या आजारांसाठी तपासणीला परवानगी आहे. बाईची लेखी संमती लागते, मुलगा की मुलगी ते सांगायचं नाही. थोडा गर्भपाताचा धोका असतो, तोही आधी विचारून घ्या. आमची अडचण वेगळीच, बाया नाव नोंदवायला येतात तोवर चौथा महिना उजाडतो. मग १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढणं उरतं. आणि कार्ड नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे पहिल्या झटपट चाचणीवर, दिलं नाही ना? वाहक की आजारी हे पक्कं सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी झालेली हवी.

डोंगरवाट
लग्नाआधीच बघा म्हणजे भानगडच नको, असं म्हणणाऱ्यांनो, आमच्या गावात पिवळ्या कार्डापायी पोरीची सोयरीक मोडली. नवरदेवाने स्वतःचं रक्त तपासलंच नव्हतं! एकटी ती वाहक असती तरी आजारी मूल झालं नसतं.

तापीकाठ
सिस्टरचं पटलं, संमतीचं. शहादेकर, एवढं लिहिलंत, ताईला विचारलं का?

शहादेकर
नव्हतं विचारलं. आत्ता फोन केला. म्हणाली, तपासणी करते, पुढचं निकाल आल्यावर मी अन् हे बघू. आईला एवढ्यात सांगू नको म्हणाली.