फुल ट्रायथलॉन तीन आठवड्यांवर, पाय दुखतोय. उतरू की नको?

लांबपल्ला
फुल डिस्टन्स आहे, 3.8 किमी पोहणं - 180 सायकल - 42.2 धावणं. टेपर (रेसआधी सराव कमी करत नेणं) सुरू व्हायच्या तोंडावर पाय दुखायला लागला. पोहताना काही नाही, सायकलवर जवळपास काही नाही, धावताना दुखतं. एक्स-रे नॉर्मल आलाय. वर्षभर या एका दिवसासाठी पहाटे उठलेय, तेव्हा कृपया 'आराम करा' सांगू नका, ते घरचे रोज सांगतातच. ज्यांनी दुखापत असताना फुल पूर्ण केलीय त्यांनी कसं निभावलं ते हवंय. आत्तापासून धावणं पूर्ण बंद ठेवून थेट रेसलाच धावलं तर चालेल का? जरा लवकर सांगा, डेफरलची (नोंदणी पुढच्या रेसवर ढकलण्याची) मुदत याच आठवड्यात संपतेय.

सायकलवेडा
आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरचा पट्टा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असणार. मला दोन सीझन हाच त्रास होता. सीट थोडी खाली घ्या, बुटाखालची क्लीट तपासा, फोम रोलर रोज. मी तेवढ्यावर फुल पूर्ण केली. घाबरू नका, उतरा.

पहाटवारा
अहो, त्यांनी गुडघा म्हटलेलंच नाही. लांबपल्ला, पाय म्हणजे नक्की कुठे? घोटा, पोटरी, नडगी, मांडी? कधीपासून? शेवटचं कधी आणि किती धावलात?

लांबपल्ला
उजवा पाय, वरच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले स्नायू ताणलाय. माझा प्रश्न रेसबद्दल आहे. पोहणं आणि सायकलिंग माझं पक्कं आहे, फक्त मॅरेथॉनचं काय करायचं ते सांगा.

घाटवाट
मग हिशोब सोपा आहे. एकूण कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची मुदत, 17 तासांचा धरू. पोहायला दीड तास, सायकल साडेसात तास, दोन्ही ट्रान्झिशन (पोहण्यातून सायकलवर, सायकलवरून धावण्यावर जाणं) मिळून वीस मिनिटं. म्हणजे मॅरेथॉनला 7 तास 40 मिनिटं हातात राहतात. ताशी पावणेसहा किमीने झपझप चाललात तरी बसतं. धावायचंच नाही, पूर्ण चालायचं. तुमच्या रेसचे मधले कट-ऑफ मात्र नीट वाचून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. मी स्वतः अर्ध्याहून जास्त अंतर चाललोय आणि मेडल सगळ्यांना तेच मिळतं.

लांबपल्ला
घाटवाट, मनापासून आभार. असंच काहीतरी हवं होतं.

निळीशाई
चालायचं असेल तर टी-टू मध्ये (दुसऱ्या ट्रान्झिशनला) एक आयबुप्रोफेन आणि निम्म्यात आणखी एक. बरेच जण घेतात.

रानजाई
निळीशाई, हा सल्ला कृपया मागे घ्या. मी फिजिओ आहे, खेळाडूंसोबतच काम करते. दहा-बारा तास घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो, या गोळ्या तो आणखी घटवतात. शिवाय वेदना दबली की थांबायचं कधी हेच कळत नाही.

लांबपल्ला, आता तुम्हाला. 'वरच्या बाजूला' म्हणजे मांडीच्या मागे, पुढे, की जांघेत? रात्री कूस बदलताना दुखतं का? सुरुवातीला वॉर्मअपनंतर कमी व्हायचं आणि आता होत नाही, असं काही? आणि एक्स-रे कशाचा काढला होता, कधी?

निळीशाई
मला कधी काही झालं नाही, पण ठीक आहे. मग पॅरासिटामॉल घ्या म्हणतो.

रानजाई
गोळी कोणती हा मुद्दा नाही. दुखतंय कशामुळे ते अजून कोणालाच माहीत नाही.

कासवगती
अवांतर: रेसला 25 मिमीचे टायर की 28 चे? रस्ता थोडा खडबडीत आहे म्हणतात.

सायकलवेडा
28, डोळे मिटून. हवा थोडी कमी ठेवा. 25 चा जमाना गेला.

लांबपल्ला
@रानजाई, जांघेत. आत खोल कुठेतरी, बोट ठेवून दाखवता येत नाही. हो, आधी दोन-तीन किमीनंतर जायचं, आता पहिल्या पावलापासून असतं. रात्री कधीकधी. चालताना जाणवतं पण लंगडत नाही. गाडीत बसताना उजवा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो, मोजा घालतानाही तसंच. एक्स-रे कमरेचा आणि खुब्याचा, दुखायला लागल्यावर आठवड्याभरात काढला. पण तो नॉर्मल होता. मग यात एवढं काय आहे?

रानजाई
मग आजपासून धावणं बंद, एका पायावर उडी मारून बघायची नाही, कोणी ताणून द्यायला आलं तर तेही नको. आजच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना फोन करून खुब्याच्या एमआरआयबद्दल विचारा.

कारण सांगते. लांब अंतर धावणाऱ्याच्या जांघेत असं खोल दुखत असेल, तर ते मांडीच्या हाडाच्या मानेतलं, म्हणजे फिमोरल नेकचं स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार भाराने पडलेली बारीक चीर) नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. स्नायूचा विचार त्यानंतर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेकदा काहीच दिसत नाही, त्यामुळे नॉर्मल एक्स-रेवर विसंबू नका. आणि हे नडगीच्या फ्रॅक्चरसारखं नाही. चीर पूर्ण जाऊन हाड सरकलं तर स्क्रू घालावे लागतात, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

घाटवाट, तुमचा हिशोब अचूक आहे, पण साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. 42 किमीत अशी किती पावलं होतील बघा.

घाटवाट
जांघ म्हटलंच नव्हतं हो. मला पोटरीबिटरी वाटलं. असं असेल तर माझा हिशोब बाजूला ठेवा.

वाराभरारी
सगळे मिळून त्यांना घाबरवू नका. 1982 साली हवाईच्या आयर्नमन ट्रायथलॉनमध्ये जूली मॉस शेवटचं अंतर रांगत गेली होती. जिद्द नसेल तर या खेळात कशाला यायचं? स्टार्ट लाइनवर उभं राहायलाच हवं, पुढचं पुढे.

पहाटवारा
जूली मॉस थकून कोसळत होती, तिचं हाड मोडलेलं नव्हतं. दमलेल्या शरीराला ढकलणं आणि चिरलेल्या हाडावर भार टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाराभरारी
एमआरआय झालाय का? नाही ना. मग चिरलेलं हाड कुठून आणलंत?

पहाटवारा
म्हणूनच तर एमआरआय करा म्हणतोय आम्ही!

मेघमल्हार
लांबपल्ला, तुम्ही स्त्री आहात असं लिहिण्यावरून वाटलं, म्हणून विचारते. उघड लिहायचं नसेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. गेल्या काही महिन्यांत पाळी नियमित आहे का? वजन उतरलंय का? आधी कधी स्ट्रेस फ्रॅक्चर?

लांबपल्ला
इथेच लिहिते, लपवण्यासारखं काही नाही. पाळी मधले बरेच महिने आलेली नाही. एवढं ट्रेनिंग केल्यावर असं होतंच ना? वजन थोडं मुद्दाम उतरवलंय, चढावर फायदा होतो म्हणून. आधी एकदा पायाच्या पंज्याचं हाड.

मेघमल्हार
नाही, ते 'होतंच' नाही. जेवढी ऊर्जा खर्च होतेय तेवढी आत जात नसली की शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडांची डागडुजीही मागे पडते. ऑलिंपिक समितीने 2014 पासून याला रेड-एस हे नाव दिलंय. पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची खूण नसते. तुमचं हे दुसरं हाड असू शकतं. एमआरआयसोबत ड जीवनसत्त्व आणि हार्मोन्सच्या तपासण्यांबद्दलही विचारा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगा. माझ्या बहिणीचं निदान उशिरा झालं, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

कासवगती
28 घेतले. वेटसूट घालावा का? पाणी बावीस-तेवीस अंश असेल म्हणतात.

रानजाई
कासवगती, वेगळा धागा काढा ना प्लीज.

लांबपल्ला
एमआरआय झाला. फिमोरल नेकच्या आतल्या-खालच्या बाजूला सूज आणि बारीक रेष आहे, हाडाच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा बरीच कमी. ऑपरेशन नको म्हणाले. कुबड्या, पायावर अजिबात भार नाही, काही आठवड्यांनी परत एमआरआय. डेफरलचा मेल पाठवला. फार वाईट वाटतंय. आता पुढचं विचारते: पोहता येईल का? नुसतं पोहून आणि सायकल मारून बाहेर पडायचा विचार होता, तोही सोडायचा ना?

रानजाई
सोडायचाच. पाण्यातून ट्रान्झिशनपर्यंत अनवाणी धावत जावं लागतं, सायकलला धक्का देत चढावं लागतं, चढावर पेडलवर उभं राहावं लागतं. एक चुकीचं पाऊल पुरेल. तुमची रेष दाबाच्या बाजूला आहे, ही खरोखर चांगली बातमी आहे. वरच्या-बाहेरच्या, ताण येणाऱ्या बाजूला असती तर बहुधा स्क्रूच घालावे लागले असते.

पोहण्याचं डॉक्टरांनाच विचारा. त्यांनी हो म्हटलं तर दोन मांड्यांमध्ये पुल बॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी. पायाने भिंत ढकलायची नाही, ब्रेस्टस्ट्रोकची किक नाही, ओल्या फरशीवर कुबड्या जपून. धावणं काही महिन्यांनीच येईल, आणि ते कॅलेंडर बघून नाही, दुखणं आणि स्कॅन बघून.

मेघमल्हार
आणि वजन उतरवणं आजपासून थांबवा. कुबड्यांवर आहात म्हणून खाणं कमी करू नका, हाड भरून यायलाही ऊर्जा लागते.

वाराभरारी
लवकर बऱ्या व्हा. पण दरवेळी एमआरआय करत बसलं तर कोणी रेसच करणार नाही, हे माझं मत कायम आहे.

तळ्यातमळ्यात
धागा वाचून घाबरलो. माझी नडगी महिनाभर दुखतेय आणि पुढच्या महिन्यात हाफ आहे. मीही एमआरआय करू का?

रानजाई
आधी बोटाने चाचपून बघा. आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे हाडाच्या कडेचा दाह, चीर नव्हे. एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दुखत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. नडगीच्या समोरच्या कडेवर असेल तर आजच, ती जागा भरायला फार हट्टी असते. वेगळा धागा काढून सविस्तर लिहा, इथे ते हरवेल.